दोन हात, दोन शाया : एका प्रकरणाचा अभ्यास

प्रकरण असं आहे. सत्तरी ओलांडलेली निवृत्त शिक्षिका, नात्याने माझी आत्या. उजव्या हाताचा तळवा आणि चार बोटं गडद निळी. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी काळपट, नखांच्या कडा तर जवळजवळ काळ्याच. दिवस हरतालिकेचा, वेळ संध्याकाळची. दुसऱ्या दिवशी घरात गणपती बसणार होता आणि मोदकांची उकड मळायची, पाऱ्या करायच्या, कळ्या पाडायच्या त्या याच हातांनी. आमच्याकडे नैवेद्याचे मोदक आत्याच्या हातचेच असतात. तांदळाची उकड पांढरीशुभ्र, मळताना गरम आणि ओलसर. बोटांचा रंग तिला लागेल का, हा प्रश्न म्हणूनच नुसत्या दिसण्याचा नव्हता.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि फावल्या वेळात जुनी फाउंटन पेनं दुरुस्त करतो. शाईचे डाग मला रोजचे आहेत. तरी हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं, कारण इथे एकाच माणसाच्या दोन हातांवर दोन वेगळ्या जातींच्या शाया होत्या आणि जो उपाय एका हाताला लागू पडला तोच दुसऱ्या हाताला नडला. शाईच्या डागावर प्रत्येक घरात एक हमखास उपाय सांगितला जातो. तो कधी चालतो, कधी चालत नाही, आणि असं का होतं ते कोणी सांगत नाही.

आधी काय काय झालं होतं

आत्या चिपळूणहून घाट चढून कराडला आमच्याकडे येत होती. कराडला उतरल्यावर तिने पर्समधून पेन काढून टोपण उघडलं आणि टोपणात साठलेली शाई हातावर सांडली. नोकरी संपून इतकी वर्षं झाली तरी तिच्या पर्समध्ये खडूचा तुकडा असतोच. तिने तो आधी तळव्यावर टेकवला आणि उभी शाई टिपून घेतली. सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत शहाणपणाची कृती. ओली शाई पुसायला गेलं की ती पसरते, हातावरच्या रेषांमध्ये आणि नखांच्या खाचांत शिरते. टिपली की तिथल्या तिथे कमी होते. खडू नसेल तर वर्तमानपत्राचा कागद, कापूस, अगदी तांदळाचं पीठसुद्धा चालतं, फक्त दाबायचं, घासायचं नाही.

घरी आल्यावर तिने अंगाच्या साबणाने हात धुतले. उजवा हात बऱ्यापैकी फिका झाला. डाव्या हाताच्या काळ्या डागावर साबणाचा काहीच परिणाम दिसला नाही. मग आई म्हणाली, "वन्सं, लिंबू-मीठ लावा, चुटकीसरशी जाईल." अर्धं लिंबू मिठात बुडवून दोन्ही हातांवर चांगलं चोळलं गेलं. डाव्या अंगठ्याचा काळेपणा थोडा उतरला. उजव्या हातावरचा फिका झालेला निळा मात्र पुन्हा उठून दिसायला लागला. "वहिनी, हे तर वाढतंय!" असं म्हणत आत्याने भांड्यांची तारेची घासणी घेतली आणि तळवा घासला. मी घरी पोचलो तेव्हा तळव्यावर बारीक ओरखडे होते, लिंबाने ते चुरचुरत होते आणि न्हाणीघरात कपड्यांच्या ब्लीचची बाटली उघडून ठेवलेली होती. शेजारून तसा सल्ला आला होता.

ती बाटली मी सगळ्यांत आधी बंद करून वर ठेवली. कपड्यांचं ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात लिंबाचं, व्हिनेगरचं किंवा संडास साफ करायच्या द्रवाचं आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. छोट्या न्हाणीघरात, लिंबाने ओले झालेले ओरखडलेले हात घेऊन ब्लीच वापरणं हा शाईपेक्षा कितीतरी मोठा धोका होता. शाईचा डाग कोणाचं काही बिघडवत नाही. तो घालवण्याच्या नादात कातडीचं नुकसान होतं ते मात्र खरं.

पहिला प्रश्न : शाई कोणती?

मी आत्याला विचारलं, "दोन्ही हातांना एकच शाई लागलीय का?" ती म्हणाली, "छे रे. उजव्या हाताला त्या जुन्या पेनातली रॉयल ब्लू. डाव्या हाताला सकाळी लागली, दुसरं पेन भरताना. तेव्हा फिकट निळी होती, मी फडक्याने पुसून टाकली. आता बघ कशी काळी पडलीय."

या एका वाक्यात निदान होतं. जी शाई लागताना फिकट निळी असते आणि काही तासांनी काळी पडते, ती लोहयुक्त शाई. आत्याच्या दुसऱ्या पेनात पेलिकन या जर्मन कंपनीची ४००१ ब्लू-ब्लॅक होती, आणि ती या जातीची आहे.

लोहयुक्त शाईचं तत्त्व फार जुनं. युरोपात ओकच्या झाडावरच्या गाठींपासून, म्हणजे आपल्या बाळगुटीतल्या मायफळापासून, टॅनिन नावाचं तुरट द्रव्य काढायचे आणि त्यात हिराकस घालायचा. आपल्याकडे हिरडाही याच कामी येत असे. हिराकसातलं लोह आणि टॅनिन एकत्र आलं, त्याला हवा लागली, की लोहाचं ऑक्सिडीकरण होऊन काळं, पाण्यात न विरघळणारं संयुग तयार होतं. लोखंडी विळीवर आवळा चिरला की पातं काळं पडतं, ते हेच. लिहिताना अक्षर लगेच दिसावं म्हणून या शाईत निळा रंगही मिसळलेला असतो. म्हणून ताजी शाई निळी, शिळी काळी. जी क्रिया कागदावर अक्षर पक्कं करते तीच आत्याच्या अंगठ्यावर दिवसभर चालू होती.

रॉयल ब्लूची गोष्ट पूर्ण वेगळी. तिच्यात लोह नाही, टॅनिन नाही. आहे तो पाण्यात विरघळणारा कृत्रिम निळा रंग. या घराण्यातले रंग लोकर आणि रेशीम रंगवायलाही वापरतात, आणि लोकर रंगवताना रंगाच्या पाण्यात ॲसिटिक आम्ल घालतात. कारण लोकर हे केराटिन नावाचं प्रथिन. आम्लात त्या प्रथिनावरचा धन प्रभार वाढतो, रंगाचे रेणू ऋण प्रभाराचे, ते तिथे जाऊन घट्ट बसतात. आता आपल्या कातडीचा वरचा थर कशाचा बनलाय? केराटिनचाच. उजव्या हातावर लिंबू चोळणं म्हणजे रंगाऱ्याने लोकरीला रंग पक्का बसवण्यासाठी जे करायचं ते करणं. शिवाय हे निळे रंग अल्कधर्मी वातावरणात, अंगाचा साबण असतो तशा, फिके पडतात आणि आम्ल मिळालं की पुन्हा रंग धरतात. रॉयल ब्लूचं अक्षर खोडण्यासाठी जी रसायनाची पेनं मिळतात त्यांनी पुसलेलं अक्षर आम्लाचा थेंब लागताच परत दिसू लागतं, तेही यामुळेच. साबणाने फिका पडलेला तळवा लिंबाने पुन्हा निळा का झाला, त्याचं उत्तर हे.

मग घरोघरी लिंबू का सांगतात? माझं मत असं की तो सल्ला चुकीचा नाही, जुना आहे. दौतीत लोहाची शाई होती तेव्हा लिंबू हाच उपाय होता. लिंबातलं सायट्रिक आम्ल लोहाला धरून सोडवून नेतं. पुढे बहुतेक शाया कृत्रिम रंगांच्या झाल्या, उपाय मात्र तोंडी तसाच चालत आला. आईचा उपाय डाव्या हाताला थोडा लागू पडला होता, हे मी तिला आवर्जून सांगितलं.

डावा हात

कातडी शाबूत होती म्हणून डाव्या हातापासून सुरुवात केली. औषधांच्या डब्यात व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या होत्या. एक गोळी चमच्याखाली कुटली, चार थेंब पाणी घातलं, नारिंगी लगदा झाला. तो अंगठा आणि तर्जनीवर लावून तसाच ठेवला. व्हिटॅमिन सी, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, इथे लिंबापेक्षा चांगलं काम करतं. ते नुसतं लोहाला धरत नाही, ऑक्सिडीकरण झालेल्या लोहाला पुन्हा आधीच्या रूपात आणतं, आणि काळं संयुग मोडतं.

काही मिनिटांत लगद्याच्या कडेला मळकट हिरवी-निळी रेघ दिसू लागली. हात धुतल्यावर अंगठ्याचा काळेपणा बराचसा गेलेला होता आणि खाली साधा फिकट निळा रंग उरला होता. तो लोहाचा नव्हता, ताज्या शाईत मिसळलेल्या रंगाचा होता. आता त्याला साबण चालणार होता. क्रम इथे महत्त्वाचा आहे : आधी आम्ल, मग स्वच्छ पाणी, मग साबण. उलट केलं तर साबण काळ्या डागावरून नुसता वाहून जातो.

नखांच्या कडा चिवट निघाल्या. काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून तोच लगदा नखाच्या मुळाशी लावला, मऊ ब्रशने धुतला. थोडं उतरलं, बरंच राहिलं.

गंजाचे डाग काढायच्या काही द्रवांमध्ये ऑक्झॅलिक आम्ल असतं आणि ते लोहाची शाईही झटक्यात घालवतं. पण ते विषारी आहे, हातावर लावायची वस्तू नव्हे.

उजवा हात

इथे आधी थांबणं हाच उपचार होता. ओरखड्यांवर खोबरेल तेल लावून आत्याला थोडा वेळ बसवलं. मग जिथे कातडी धड होती त्या बोटांवर सॅनिटायझरमध्ये भिजवलेला कापूस ठेवून दाबला. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलमध्ये हा रंग आणि कातडीवरचं तेल दोन्ही सुटतं. पहिला बोळा आकाशी निळा झाला, पुढचा फिका, त्यानंतरच्यावर जेमतेम छटा. बोळा रंग उचलेनासा झाला की थांबायचं. त्यापुढे अल्कोहोल फक्त कातडी कोरडी करतं.

ओरखडे असलेल्या तळव्याला अल्कोहोल लावलं नाही. कोमट पाण्यात थोडा साबण विरघळवून त्यात हात बुडवून ठेवायला सांगितला. पाण्यात राहिलं की कातडीचा वरचा मृत पेशींचा थर फुगतो आणि सैल होतो. रंग बसलेला असतो तो याच थरात. त्यामुळे भिजवलेल्या हातावर हलक्या ब्रशने जे निघतं ते कोरड्या हातावर तारेच्या घासणीनेही निघत नाही. मग ओल्या तळव्यावर खोबरेल तेल आणि बारीक साखर घेऊन ओरखडे टाळून दोन मिनिटं हलक्या हाताने चोळलं, आणि त्या रात्री काम बंद केलं. झोपताना पुन्हा तेल.

आत्याला वाटत होतं, अजून करावं. मी नको म्हटलं, कारण उरलेलं काम सकाळी तिच्याच हातून आपोआप होणार होतं.

सकाळचं न्हाणं

चतुर्थीला पहाटे डोक्यावरून न्हाणं हा आमच्याकडचा शिरस्ता. शाईच्या हातांना केस धुण्याइतका चांगला व्यायाम दुसरा नाही. गरम पाणी, भरपूर फेस, आणि हजारो केसांमधून बोटं सतत फिरत राहणं. प्रत्येक केस कातडीवरच्या रेषांमधून हलकेच घासून जातो, ओरखडा न काढता. शाईने लिहिणारी माणसं हे अनुभवाने जाणतात. हाताने कपडे धुणं, भांडी घासणंही असंच उपयोगी. आत्या न्हाऊन आली तेव्हा उजव्या हाताच्या बोटांवर निळा रंग जवळजवळ नव्हता. तळव्याच्या रेषांमध्ये बारीक निळ्या रेघा होत्या. डाव्या अंगठ्यावर फिकी छटा आणि नखाच्या मुळाशी करडी कडा.

आता खरी परीक्षा. डाग दिसणं आणि डाग लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कातडीत बसलेला रंग दिसत असला तरी तो पिठाला लागेलच असं नाही, आणि नुसतं बघून हे कळत नाही. म्हणून आधी पांढरं सुती फडकं गरम पाण्यात पिळून प्रत्येक बोट त्यात धरून चोळलं. उजवा हात पास झाला. डाव्या तर्जनीचंही काही लागलं नाही. अंगठ्याच्या नखाजवळ फडक्यावर पुसट करडी रेघ आली.

मग उकडीचीच परीक्षा घेतली. सुपारीएवढी गरम उकड घेऊन आत्याने ती उजव्या हाताच्या बोटांत पारी करतात तशी दाबत फिरवली. पांढरी ती पांढरीच राहिली. दुसरी गोळी डाव्या अंगठ्याने दाबली, तेव्हा नखाच्या जागी केसाएवढी करडी रेघ उमटली. पारी करताना अंगठा आत असतो, त्यामुळे ही रेघ सोडून चालणार नव्हतं. नख अगदी आखूड कापलं, कडेला पुन्हा व्हिटॅमिन सीचा लगदा आणि ब्रश, मग साबण, मग भरपूर पाणी. पुढची गोळी स्वच्छ आली. चाचणीच्या गोळ्या बाजूला काढून टाकल्या आणि आत्या पाटावर बसली.

चुलतबहिणीने विचारलं, पोटात गेली असती तर? इतक्या पुसट अंशाने कोणी आजारी पडलं नसतं. पण शाई खाण्यासाठी बनवलेली नसते, तिच्यात बुरशी लागू नये म्हणून घातलेली द्रव्यंही असतात. ज्या बोटाचा रंग ओल्या फडक्याला लागतो ते बोट पिठात जाऊ नये, इतका साधा नियम पुरतो. हातमोजे घालून कळ्या पडत नाहीत, हे मोदक वळणारी कोणीही सांगेल.

उरलेला डाग

तळव्यावरच्या निळ्या रेघा गौरी येईपर्यंत गेल्या होत्या, कोणी काही न करता. कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो, जाडी मिलिमीटरच्या एक-दोन शतांश भागाएवढी. तळव्यावर तो यापेक्षा बराच जाड. तो रोज झडत असतो आणि खालून नवा येत असतो. शाई त्याच्या खाली जात नाही, म्हणून डाग त्याच्याबरोबर निघून जातो. नखाचं तसं नाही. नख झडत नाही, फक्त वाढतं, महिन्याला साधारण तीन मिलिमीटर. नखात मुरलेला डाग पुढे सरकत सरकत कापला जाईपर्यंत राहतो. आत्याच्या अंगठ्यावरची कडा पितृपक्षातही दिसत होती.

मतदानाच्या शाईचा सगळा आधार याच फरकावर आहे. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात असलेली, म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनणारी ही शाई नख आणि कातडी या दोन्हींवर ओढली जाते. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, प्रकाशात त्यातली चांदी कातडीवर काळी होऊन बसते. तिथे ना लिंबू चालत ना साबण. फाउंटन पेनाची शाई त्या मानाने फार सौम्य, आणि हे लक्षात ठेवलं की घाई करावीशी वाटत नाही.

तिसरी एक जात या प्रकरणात नव्हती, पण हल्ली बरेच जण वापरतात म्हणून सांगतो. कार्बनच्या किंवा इतर रंगद्रव्याच्या शाया. यात रंग विरघळलेला नसतो, अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. कणांवर आम्लाचाही उपयोग नाही आणि अल्कोहोलचाही फारसा नाही. तिथे तेल-साखर, साबण, ब्रश आणि केस धुणं एवढंच. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर या वस्तू कुठल्याच जातीच्या शाईसाठी हाताला लावू नयेत. यातल्या बहुतेक शाया पाण्यात केलेल्या असतात, त्यांना या द्रावकांची गरजच नसते.

पेन गळलंच का?

पेनात दोष नव्हता. मी ते उघडून पाहिलं. एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, ड्रॉपरने भरायचं पेन, आटे ठीक, निबखालची शाई पोचवणारी जीभ ठीक. अशा पेनात वेगळी नळी नसते, अख्खी दांडीच शाईची टाकी. आत्याच्या दांडीत तीनेक मिलिलिटर शाई मावते आणि निघताना ती एक तृतीयांशच भरलेली होती. म्हणजे आत सुमारे दोन मिलिलिटर हवा. चिपळूण जवळजवळ समुद्रसपाटीला, कराड साधारण साडेपाचशे मीटरवर. कुंभार्ली घाट चढून आलं की बाहेरचा हवेचा दाब जवळपास सात टक्क्यांनी कमी होतो, आणि पेनात कोंडलेली हवा तेवढीच फुगते. दोन मिलिलिटरचे सात टक्के म्हणजे ०.१४ मिलिलिटर, जवळजवळ तीन थेंब. पेन पर्समध्ये निब खाली करून पडलेलं. फुगलेल्या हवेने ते तीन थेंब टोपणात ढकलले. पेन हातात धरल्यावर तळव्याच्या उबेनेही हवा फुगते, म्हणून ड्रॉपरचं पेन शाई संपत आली की लिहितानाही थेंब टाकतं.

आता आत्या घाट चढायच्या आधी पेन काठोकाठ भरते किंवा पूर्ण रिकामं करून धुऊन ठेवते. भरलेल्या पेनात हवाच नसते, मग फुगायला काही उरत नाही. प्रवासात पेन निब वर करून उभं ठेवायचं, आणि कराडला उतरल्यावर टोपण उघडताना खाली कागद धरून, निब वरच ठेवून, सावकाश फिरवायचं. ब्लू-ब्लॅकचं पेन भरताना ती डाव्या बोटांना आधी खोबरेल तेलाचा हात लावते, नखांच्या कडांना जरा जास्त, आणि शाई लागलीच तर फिकट निळी असतानाच साबणाने धुते. काळी पडायला तिला हवा आणि वेळ लागतो, तो द्यायचा नाही.

लिंबाची फोड आता फक्त ब्लू-ब्लॅकसाठी. आईनेही तसं लक्षात ठेवलंय. परवा शेजारच्या मुलाच्या हाताला शाई लागली तेव्हा तिने लिंबू चिरण्याआधी त्याला विचारलं, "कुठली रे शाई तुझी?"